टोंगळ्याचं ऑपरेशन ठरवताना: डॉक्टरांना काय विचारायचं, रक्ताची तयारी कशी करायची

तूर घरात आली, हाती थोडा पैसा आला, की आमच्याकडे टोंगळ्यांची, म्हणजे गुडघे बदलायची, ऑपरेशनं ठरतात. मी यवतमाळ जिल्ह्यात एका रक्तकेंद्रात तंत्रज्ञ आहे. त्यामुळे डॉक्टरकडे जायच्या आधी आणि जाऊन आल्यावर, दोन्ही वेळा लोक माझ्याकडे चक्कर मारतात. "ताई, तीन बाटल्या सांगतल्या, कुठून आणू?" आणि "ताई, डॉक्टर म्हणे नव्वद टक्के सक्सेस हाय, करून टाकू का?" पहिल्याचं उत्तर देणं माझं कामच आहे. दुसऱ्याचं नाही, पण सासूबाईंच्या गुडघ्याच्या वेळी मी त्यावर बरंच वाचलं. ऑपरेशन करा की नका करू, हे मी सांगणार नाही. काय विचारायचं आणि कधी विचारायचं, तेवढं सांगते.

नव्वद टक्के कशाचे?

आकडा कानावर पडला की आधी हेच विचारा. गुडघा बदलण्यावर जगभर जे संशोधन झालंय, त्यात दोन निराळ्या गोष्टी मोजल्या जातात. आपल्यापर्यंत येता येता त्यांची सरमिसळ होते.

एक मोजमाप बसवलेल्या सांध्याचं. तो किती वर्षं जागेवर राहिला? काढून दुसरा बसवावा लागला का? स्वीडननं १९७५ पासून या ऑपरेशनांची देशभराची नोंदवही ठेवली, मग बाकीच्या देशांनी ठेवल्या. अशा नोंदवह्यांचे आकडे एकत्र करून २०१९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला. पूर्ण गुडघा बदललेला असेल तर सुमारे ८२ टक्के सांधे २५ वर्षं टिकतात, एकाच बाजूचा अर्धा गुडघा बदलला असेल तर सुमारे ७० टक्के. वस्तू टिकाऊ आहे, यात वाद नाही.

दुसरं मोजमाप माणसाचं. दुखणं गेलं का, चालणं वाढलं का, केल्याचं समाधान आहे का? इथं चित्र जरा फिकं होतं. बऱ्याच अभ्यासांचा मिळून एक आढावा २०१२ साली आला होता. त्यात गुडघा बदललेल्या साधारण पाचातल्या एकाला पुढेही चांगलंच दुखत राहिलेलं दिसलं. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात १,७०३ रुग्णांना विचारून केलेला २०१० चा अभ्यास आहे, त्यात १९ टक्के लोक समाधानी नव्हते. सांधा घट्ट बसलाय, एक्स-रे देखणा आलाय, आणि बाई रात्री टोंगळा धरून बसून आहे: सांध्याच्या नोंदवहीत ही केस यशस्वीच धरली जाते. म्हणून डॉक्टरांना सरळ म्हणा, "साहेब, नव्वद टक्के सांधे टिकतात, की नव्वद टक्के लोकांचं दुखणं जातं?" चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही. आमच्या ओळखीतल्या एकांनी तर खुर्ची पुढे ओढून अर्धा तास समजावून सांगितलं.

वय सांगून विचारा. 'लॅन्सेट'मध्येच २०१७ साली आलेल्या ब्रिटनच्या अभ्यासात, सत्तरी ओलांडल्यावर गुडघा बदललेल्यांना उरलेल्या आयुष्यात पुन्हा ऑपरेशन लागण्याची शक्यता ५ टक्क्यांच्या आसपास होती. पन्नाशीच्या सुरुवातीलाच केलेल्या पुरुषांत ती ३५ टक्क्यांपर्यंत गेली, बायकांत त्याहून कमी. आमच्याकडे पन्नाशीतल्या बाईचा टोंगळा सत्तरीतल्यासारखा झालेला असतो, कारण जन्म निंदणात आणि वेचणीत गेलेला. तिला "आत्ताच करून टाका" म्हणणारे पुष्कळ भेटतात. दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड आणि महाग असतं, हे क्वचितच कुणी सांगतं.

आणि न करण्याचा पर्याय? डेन्मार्कमध्ये २०१५ साली एक नीट आखलेला अभ्यास झाला. गुडघा बदलण्याजोगे झालेले १०० रुग्ण घेतले. निम्म्यांचं ऑपरेशन केलं आणि पुढं व्यायाम वगैरे दिला. निम्म्यांना नुसता १२ आठवड्यांचा व्यायाम, आहाराचा सल्ला, बुटातली गादी, दुखण्याची गोळी. वर्षभरानं १०० पैकी गुण मोजले. ऑपरेशनवाल्यांचे सरासरी ३२.५ नं सुधारले, बिनऑपरेशनवाल्यांचे १६ नं. ऑपरेशनचा फायदा दुप्पट, हे खरं. पण गंभीर त्रासाच्या घटना ऑपरेशनच्या गटात २४ आणि दुसऱ्यात ६. बिनऑपरेशनच्या गटातल्या साधारण चौथाई लोकांनी वर्षाच्या आतच ऑपरेशन करून घेतलं. उरलेल्यांचं ते वर्ष तेवढ्यावर भागलं. तर, मांडीच्या स्नायूंचा व्यायाम तीन महिने नेमानं न करता कुणी ऑपरेशनची तारीख घेत असेल, तर ती मला घाई वाटते. व्यायाम वाया जात नाही. पुढं ऑपरेशन झालंच तर त्याच मांडीनं उठायचं असतं.

आपली यादी आपणच करा

परदेशात 'ऑक्सफर्ड नी स्कोअर' नावाची प्रश्नावली वापरतात. बारा प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण ४८. दुखतं किती, रात्री झोपमोड होते का, अंग धुता येतं का, गाडीत चढउतार जमते का, खुर्चीतून उठताना किती दुखतं, लंगडता का, गुडघे टेकून पुन्हा उठता येतं का, जिना उतरता येतो का, असे साधे प्रश्न. ऑपरेशनच्या आधी आणि नंतर तेच विचारायचे आणि फरक बघायचा.

मी घरी एका वहीच्या पानावर सासूबाईंची यादी केली. त्यांनी सांगितलं तसं लिहिलं: एसटीची पहिली पायरी. विहिरीवरून येताना मधे किती वेळा थांबावं लागतं. रात्री कूस बदलताना दुखणं. बाजेवरून उठणं. आणि शेवटी, "मले निंदाले बसता येईन का वं?"

त्या पाचव्या ओळीवरच आमचा निर्णय अडला होता. नव्या गुडघ्यानं जमिनीवर उकिडवं बसायला बहुतेक सर्जन मनाई करतात. साधारण सांधा जेवढा वाकतो, तेवढ्यात उकिडवं बसणं भागत नाही. मांडी घालणं काहींना जमतं, तरी डॉक्टर ते टाळायला सांगतात. म्हणजे निंदण गेलं, पाटावरची पंगत गेली, चुलीपुढचं बसणं गेलं. चालणं, उभं राहणं आणि रात्रीची झोप मात्र परत मिळू शकते. सासूबाईंनी दोन दिवस विचार केला आणि म्हणाल्या, "निंदाले सुना आहेत." (सुना म्हणजे मी आणि माझी जाऊ. आम्हाला कुणी विचारलं नाही.)

तुमच्या यादीतल्या ज्या ओळीवर डॉक्टर "हे होणार नाही" म्हणतील, तिथं खूण करा. आणि खूण केलेल्या ओळीसाठीच ऑपरेशन करायचं होतं का, हे घरी येऊन ठरवा, दवाखान्याच्या बाकड्यावर नको. तेच डॉक्टर वर्षाला अशी किती ऑपरेशनं करतात, हेही विचारावं. हात जेवढा चालता तेवढं बरं, हे संशोधनातही दिसतं.

तारखेच्या सहा आठवडे आधी

रक्त तपासायला ऑपरेशनच्या आदल्या दिवशी येऊ नका. तेव्हा हिमोग्लोबिन ८ निघालं तर दोनच वाटा उरतात, बाटली लावा नाहीतर तारीख पुढं ढकला. सहा आठवडे हातात असले तर गोळ्यांनी बरंच भरून निघतं. लोहाची गोळी चहासोबत घेऊ नका, संत्रं किंवा लिंबूपाणी चालेल. शौचाला काळं होतं म्हणून गोळी सोडणारे शंभर पाहिलेत. काळं होणारच, सोडू नका.

साखरेचं तसंच. मधुमेह असेल तर तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी करा. ती फार वर असेल तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो आणि सर्जन थांबायला सांगतात. गावातल्या कुणाकडून टोंगळ्यात सुई घेतली असेल तर ते लपवू नका. ऑपरेशनच्या आधीच्या तीन महिन्यांत गुडघ्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन झालेलं असलं तर संसर्गाचा धोका वाढतो, हे अभ्यासांत दिसलंय.

आणि आपल्या भागात सिकलसेल, म्हणजे लाल पेशींचा घराण्यातून येणारा आजार. घरात कुणाला असेल किंवा कधी तपासलंच नसेल, तर सोल्युबिलिटी टेस्ट करून घ्या. ती पॉझिटिव्ह आली तर पुढं एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या तपासणीनं एएस (नुसता वाहक) आहे की एसएस (आजार) ते पक्कं होतं. गुडघ्याच्या ऑपरेशनमध्ये रक्त कमी जावं म्हणून मांडीला पट्टा आवळतात. पट्ट्याखालच्या पायात ऑक्सिजन कमी होतो आणि सिकलच्या पेशी नेमक्या तिथंच विळ्यासारख्या वाकड्या होतात. पट्टा लावायचा की नाही, भूल कशी द्यायची, हे डॉक्टरांना आधी कळलं तर ते वेगळं ठरवतात. २०२३ च्या जुलैपासून देशभर सिकलसेल निर्मूलनाची मोहीम चालू आहे, तपासणी सरकारी दवाखान्यात होते. कार्ड असेल तर फाईलमध्ये सगळ्यात वर ठेवा.

रक्तगट: कार्डावरचा नाही, नळीतला

लोक आधार कार्डाच्या पाकिटातून शाळेचं जुनं ओळखपत्र काढतात, "ताई, बी पॉझिटिव्ह हाय." मी ते बाजूला ठेवते. शिबिरात काचेच्या पट्टीवर घाईत केलेला गट आणि बाटली देण्यासाठी केलेला गट, यांत फरक आहे.

आमच्याकडे जेल कार्ड असतं. बोटाएवढ्या उंचीच्या प्लास्टिकच्या पट्टीत सहा बारीक नळ्या, प्रत्येकीत जेल. पहिल्या तीन नळ्यांत तुमच्या लाल पेशी अँटी-ए, अँटी-बी आणि अँटी-डी या गट ओळखणाऱ्या द्रावणांना भेटतात. चौथी कंट्रोल, म्हणजे पडताळ्याची. शेवटच्या दोनात उलटं करायचं: तुमचा सीरम (रक्तातला पेशी काढलेला पातळ भाग) आणि बाहेरच्या ओळखीच्या ए आणि बी पेशी. कार्ड फिरवलं की जेल चाळणीचं काम करतं. पेशी एकमेकींना चिकटून गोळे झाल्या असतील तर वरच अडकतात, सुट्या असतील तर तळाशी जाऊन लाल ठिपका होतो. बी पॉझिटिव्हचं कार्ड असं दिसतं: पहिलीत ठिपका खाली, दुसरीत लाल रेघ वर, तिसरीत वर, कंट्रोल खाली, ए पेशींची वर, बी पेशींची खाली. पुढची बाजू आणि उलटी बाजू एकमेकींशी जुळली तरच आम्ही गट लिहितो.

मोठ्या केंद्रांत हे सगळं मशीन करतं. बारकोड वाचतं, थेंब टाकतं, गरम ठेवतं, फिरवतं, कॅमेऱ्यानं फोटो काढून ० ते ४ अशी प्रतही लावतं. रात्री तीन वाजता डुलकी लागलेल्या माणसापेक्षा ते बरंच भरवशाचं. निकाल अर्धवट वाटला तर अडखळून थांबतं आणि मग माणसानं डोळ्यांनी बघायचं. नुकतंच दुसऱ्या गटाचं रक्त चढलेल्या रुग्णात काही पेशी वर अडकतात, काही खाली जातात. अशा वेळी रुग्णाची गोष्ट माहीत असलेला माणूसच लागतो.

पण नळीत रक्त कुणाचं आहे, हे मशीनला कळत नाही. नळीवर शेजारच्या खाटेवरच्या बाईचं नाव लागलं असेल, तर मशीन त्या शेजारणीच्याच नावानं अगदी अचूक गट छापतं. रक्ताच्या चुका बहुतेक या चिठ्ठीच्याच असतात, रसायनाच्या नव्हेत. म्हणून सिस्टर रक्त घ्यायला आली की रुग्णानं स्वतः पूर्ण नाव सांगायचं. "तुमचं नाव सुमनबाई ना?" असं विचारलं की अर्धी म्हातारी माणसं ऐकू न येताच मान डोलावतात. चिठ्ठी खाटेपाशीच, तुमच्या डोळ्यांसमोर लागली पाहिजे. आणि गट पक्का करायला वेगळ्या वेळी दुसरा नमुना मागितला तर "किती रक्त काढता बाप्पा" म्हणून भांडू नका. आपण नळीची अदलाबदल याच दुसऱ्या नमुन्यानं पकडतो.

उलट बाजूच्या तपासणीत ए आणि बी सोबत ओ पेशीही का हव्यात, याचं आपल्याच राज्यातलं उदाहरण आहे. १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांना असा गट सापडला की पुढच्या बाजूनं तो ओ दिसतो, पण ओ ची एकही पिशवी जुळत नाही. बॉम्बे ब्लड ग्रुप तो हाच. भारतात साधारण दहा हजारांत एक. नुसत्या काचपट्टीवर हा माणूस आयुष्यभर ओ म्हणून फिरू शकतो. ऑपरेशन टेबलावर ते कळण्यापेक्षा आठवडाभर आधी कळलेलं बरं.

तीन बाटल्या खरंच लागतात का?

विचारा. एका गुडघ्यासाठी सरसकट तीन पिशव्या बाजूला काढून ठेवा म्हणणारे अजून भेटतात, आणि त्यापायी गावातले चार तरुण मजुरी बुडवून तालुक्याला येतात. हल्ली बहुतेक ठिकाणी ट्रानेक्सॅमिक ॲसिड देतात. जपानमध्ये १९६२ साली निघालेलं हे स्वस्त औषध आहे, त्यानं रक्तस्राव बराच कमी होतो. सुरुवातीचं हिमोग्लोबिन चांगलं असेल तर एका गुडघ्याच्या पुष्कळ रुग्णांना एकही पिशवी लागत नाही. २०११ साली खुब्याच्या हाडाचं ऑपरेशन झालेल्या वयस्क लोकांवर मोठा अभ्यास झाला. हिमोग्लोबिन १० च्या खाली गेलं की रक्त देणं आणि ८ च्या खाली जाईपर्यंत थांबणं, यांत रुग्णाच्या तब्येतीला फरक पडला नाही. तेव्हा "गट आणि अँटिबॉडी (परक्या पेशींवर उठणारी प्रथिनं) तपासून नमुना ठेवला तर चालेल का?" हा प्रश्न रास्त आहे. गरज पडलीच तर तयार नमुन्यावर पिशवी लवकर जुळवता येते.

अपवाद दोन. आधी पुष्कळदा रक्त चढलेलं असेल (सिकलचे रुग्ण यात आले) किंवा बाईची बरीच बाळंतपणं झाली असतील, तर रक्तात जादा अँटिबॉडी असू शकतात आणि जुळणारी पिशवी शोधायला वेळ लागतो. आम्हाला आधी सांगा. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढलं असेल तर नमुना तीन दिवसच चालतो, म्हणून फार आधीही देऊन ठेवू नका.

रक्तदाते आणायचेच झाले तर वय १८ ते ६५, वजन ४५ किलोच्या वर, हिमोग्लोबिन निदान १२.५. पुरुषाचं मागचं रक्तदान ९० दिवसांपूर्वीचं, बाईचं १२० दिवसांपूर्वीचं. उपाशी आणू नका. दवाखान्याबाहेर "दोन हजारात डोनर देतो" म्हणणारा भेटला तर वाट बदला. पैसे घेऊन रक्त देणं सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं १९९८ पासून बंद आहे. पिशवीचे लागतात ते तपासणी आणि प्रक्रियेचे पैसे, त्याची पावती मिळते. कुठल्या केंद्रात काय आहे ते ई-रक्तकोष या सरकारी संकेतस्थळावर दिसतं.

पिशवी लावताना नातेवाइकानं उभं राहावं. पिशवीवरचा गट आणि नंबर, कागदावरचं नाव, रुग्णानं सांगितलेलं नाव, तिन्ही मोठ्यानं वाचून घ्यायचं. पहिली पंधरा मिनिटं हलू नका. थंडी, कंबरदुखी, धाप, खाज, काहीही वाटलं तर लगेच सिस्टरला हाक मारा.

पैसा आणि घर

सांध्याची किंमत सरकारनं ऑगस्ट २०१७ मध्ये बांधून दिली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याला तेव्हा ५४,७२० रुपये अधिक जीएसटी ठरला. आजचा दर विचारा, आणि बिलात सांधा वेगळा लिहून मागा. सरकारी आरोग्य योजनेत बसतं का, हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारायचं, शेजाऱ्याला नाही.

घरी परतायच्या आधी बाज काढा. तिचा मधला खड्डा नव्या गुडघ्याला सोसत नाही. उंच, कडक पलंग आणि हात असलेली खुर्ची लागते. संडासात कमोडची खुर्ची ठेवा. मोरीत शेवाळ असेल तर आधी घासा. झोपताना गुडघ्याखाली उशी देऊ नका, कितीही बरं वाटलं तरी. गुडघा वाकडाच राहून जातो. उशी टाचेखाली. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. वाकवायचा व्यायाम रडू येईपर्यंत दुखतो आणि तरी करावा लागतो. सासूबाईंनी त्या पोराला, म्हणजे फिजिओथेरपिस्टला, दिलेल्या शिव्या इथं लिहिता येत नाहीत.

तेल लावून पिंढरी (पोटरी) रगडणारी बाई बोलावू नका. पिंढरी सुजली, एकाच पायात दुखू लागली, तर आत रक्ताची गाठ असू शकते. तेव्हा मालिश नाही, दवाखाना. ओ गटाच्या लोकांत रक्त गोठायला मदत करणारं एक प्रथिन साधारण पाव हिश्शानं कमी असतं, त्यांना गाठीचा धोका थोडा कमी. पण म्हणून ओ वाल्यानं पावलं हलवायचा व्यायाम सोडायचा नाही. धाप लागली, ताप आला, जखमेतून पाणी आलं, तर रविवार असला तरी निघा.

सुट्टी होताना दोन गोष्टी मागून घ्या. बसवलेल्या सांध्याची स्टिकरं, ज्यावर कंपनी, माप आणि नंबर असतो. पंधरा वर्षांनी दुसऱ्या सर्जनला तीच लागतील. आणि आमच्या केंद्रातला रक्तगटाचा व अँटिबॉडीचा कागद. प्लास्टिकच्या पिशवीत घालून सातबारासोबत ठेवा, तिथं तो हरवत नाही. वहीतली ती पाच ओळींची यादी वर्षानं पुन्हा काढून भरा आणि तपासणीला जाल तेव्हा डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा.